बुशेहर, देलवार, अहरम, बोराझजान: कॉन्सुलचे जुने रिपोर्ट हातात धरून केलेली भटकंती

इराणला जाणारी आपली मंडळी बहुतेक तेहरान, इस्फहान, शिराझ, पर्सेपोलिस करून परत येतात. मला मात्र खाली समुद्रापर्यंत जायचं होतं, बुशेहरला. इंग्रजी कागदांमध्ये ज्याला बुशायर म्हटलंय तेच हे बंदर. ईस्ट इंडिया कंपनीने १७६३ मध्ये इथे वखार घातली आणि पुढे १९४६ पर्यंत, म्हणजे रेसिडेन्सी बहरीनला हलेपर्यंत, आखातातला ब्रिटिशांचा मुख्य माणूस, म्हणजे रेसिडेंट, इथेच बसायचा, रेसिडेन्सी ही त्याची कचेरी. आणि १८७३ पर्यंत तो मुंबई सरकारच्या हाताखाली होता, म्हणजे कुठल्या खानाचं, म्हणजे तिथल्या सरदाराचं, कुणाशी भांडण झालं, नवा गव्हर्नर कसा आहे, शिराझच्या रस्त्यावर कुणाची खेचरं लुटली, हे सगळं बोटीने मुंबईला यायचं. १८७८ पासून तोच रेसिडेंट फार्स प्रांताचा कॉन्सुल जनरलही झाला, म्हणजे मालक दोन, एक हिंदुस्थान सरकार आणि दुसरं लंडनचं परराष्ट्र खातं, आणि रिपोर्ट दोघांना.

हे रिपोर्ट मी आधी घरी बसून भरपूर वाचले होते आणि मग ती गावं बघायला गेलो. ज्यांना असंच जायचंय त्यांच्यासाठी लिहितोय.

सगळ्यात आधी व्हिसा. मी गेलो तेव्हा भारतीयांना विमानाने गेल्यास व्हिसा लागत नव्हता, ती सवलत नोव्हेंबर २०२५ पासून बंद आहे. आणि त्या भागातली परिस्थिती बघता आपल्या परराष्ट्र मंत्रालयाची सूचना काय आहे ते वाचल्याशिवाय तिकीट काढूच नका, जाऊ नका म्हटलं असेल तर जाऊ नका, बुशेहर कुठे पळून जात नाही. दुसरं म्हणजे पैसे. आपलं कुठलंही कार्ड तिथे चालत नाही, सगळ्या ट्रिपचा खर्च डॉलर किंवा युरोमध्ये रोख न्यायचा. भाव तोमानमध्ये सांगतात आणि नोटेवर रियाल असतात, दहा रियालचा एक तोमान, तेव्हा टॅक्सीत बसायच्या आधी नक्की करून घ्या. तिसरं, इंटरनेटवर बरंच काही ब्लॉक असतं, म्हणून रिपोर्ट, नकाशे, फारसी कीबोर्ड सगळं घरूनच फोनमध्ये टाकून न्या. रेसिडेन्सीच्या फायली कतार डिजिटल लायब्ररीवर फुकट मिळतात, फक्त शोधताना जुन्या इंग्रजी स्पेलिंगने शोधा, आजच्या नावाने शोधलंत तर निम्मं हाती लागत नाही.

सीझन नोव्हेंबर ते फेब्रुवारी. उन्हाळ्यात जी दमट गरमी असते तिला तिथले लोक शर्जी म्हणतात आणि आपल्या कोकणातल्या मे महिन्याची सवय असली तरी ती झेपेल असं समजू नका. दुपारी दुकानं बंद, गल्ल्या रिकाम्या, फिरायचं ते सकाळी आणि संध्याकाळी. शुक्रवारी काही उघडं असेल ही अपेक्षा नको.

शिराझहून बुशेहरला बसने किंवा शेअर टॅक्सीने या, विमानाने नको. हे मी आग्रहाने सांगतोय कारण रिपोर्टमधली निम्मी भांडणं याच रस्त्याची आहेत. काझेरूनच्या बाजूने जुनी वाट डोंगरातून उतरते, तिथले चढ-उतार म्हणजे कोतल, आणि प्रत्येक कोतलाच्या तोंडाशी कुठल्यातरी खानाचे तुफंगची म्हणजे बंदुकवाले बसलेले असायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्या तांड्याकडून राहदारी घ्यायचे. कॉन्सुलच्या कागदात हे लूट, खंडणी, रस्त्यावरचा गोंधळ अशाच रकान्यात येतं. खिडकीतून तो उतार बघितला, खाली कोरडं मैदान आणि मधेच खजुराच्या बागा, की लक्षात येतं की इथल्या खानाला शेतसाऱ्यापेक्षा या वाटेचंच उत्पन्न मोठं असणार, आणि रस्ता राखायचा म्हणजे माणसं पोसायची. कॉन्सुलला ही गोष्ट सांगणारे कोण, तर ज्यांच्या कापडाच्या गाठी गेल्या ते व्यापारी, तारखात्याचे लोक आणि रेसिडेन्सीचा मुन्शी. त्यामुळे गाठी किती गेल्या, कुठल्या मुक्कामाजवळ गेल्या हे नेमकं मिळतं, पण का गेल्या ते क्वचित. माझं तर म्हणणं आहे की हे रिपोर्ट तारीख, भाव आणि नावं यांच्यासाठी सोन्यासारखे आहेत आणि हेतूसाठी वापरायचे तर शंभरदा विचार करून.

बुशेहरच्या जुन्या गावात चार मोहल्ले आहेत, कूती, शंबदी, बेहबहानी आणि देहदश्ती. कूती हा रेसिडेन्सीचा. समुद्रातल्या दगडाच्या भिंती, जवळून बघितलं तर त्यात शिंपल्यांचे तुकडे चक्क दिसतात, बोट फिरवलं की भुसा गळतो, आणि वर लाकडी जाळीचे सज्जे, त्यांना शनाशीर म्हणतात, गल्ल्या इतक्या अरुंद की समोरासमोरचे सज्जे जवळजवळ भिडतात. वारा समुद्राकडून आत यावा म्हणून हे सगळं. आर्मेनियन चर्च चुकवू नका. आत जायला मिळेलच असं नाही, सकाळी लवकर जाऊन शेजारी विचारा, लोक फार मायाळू आहेत, चहा पाजल्याशिवाय सोडत नाहीत. जेवायला कलिये माही मागा, चिंच, मेथी आणि कोथिंबिरीतला माशाचा कालवण, आपल्या माणसाला पहिल्या घासात पटतो.

दक्षिणेला रीशहर आणि त्याच्याही खाली हलीला. इंग्रज-इराण युद्धात ७ डिसेंबर १८५६ ला मुंबईहून आलेली फौज हलीलाच्या किनाऱ्यावर उतरली, ९ तारखेला रीशहरचा जुना किल्ला घेतला आणि १० ला बुशेहर शरण आलं. या फौजेत मुंबई लष्कराच्या पलटणी होत्या, २० वी बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्री रीशहरला पुढे होती, आणि त्या काळी या पलटणींमध्ये कोकण-देशावरची मराठा आणि महार पोरं भरपूर असायची. पुढे फेब्रुवारी १८५७ मध्ये खुशाबची लढाई झाली, तिथे पूना हॉर्स हे घोडदळ होतं. आपल्या लोकांची आठवण ठेवणारं तिथे मला काहीच दिसलं नाही, मनात ठेवूनच उभं राहायचं. आता महत्त्वाचं: हलीलाजवळच अणुवीज प्रकल्प आहे. त्या बाजूला कॅमेरा, फोन, ड्रोन काहीही बाहेर काढू नका, गाडीतूनसुद्धा नाही, टॅक्सीवाल्याला तिकडे थांबायचा आग्रह करू नका. नौदलाच्या भिंतींचंही तसंच.

देलवारला अख्खा दिवस द्या. बुशेहरहून किनाऱ्याकिनाऱ्याने तासाभरात पोचता. रईस अली देलवारीचं घर आता म्युझियम आहे. ब्रिटिशांशी लढलेला हा तंगिस्तानी माणूस, म्हणजे देलवार-अहरमच्या या मुलखातला, इंग्रजी कागदात अडचण म्हणून येतो. १९०९ मध्ये सय्यद मुर्तझा अहरमी यांनी तंगिस्तानी माणसं घेऊन बुशेहर ताब्यात घेतलं ते शहाविरुद्ध, इराणी राज्यघटनेच्या बाजूने, त्यात रईस अली होता, आणि ब्रिटिशांनी तेव्हा आरमाराचे सैनिक उतरवले. १२ जुलै १९१५ ला तंगिस्तान्यांनी बुशेहरबाहेर हल्ला केला, त्यात दोन ब्रिटिश अधिकारी मेले, ८ ऑगस्टला ब्रिटिशांनी शहर ताब्यात घेतलं, मग देलवारवर समुद्रातून तोफा चालल्या, आणि ३ सप्टेंबरला रईस अली मारला गेला. ती तारीख इराणी कॅलेंडरप्रमाणे १२ शहरीवर, त्या दिवशी तिथे मोठी गर्दी असते, गर्दी नको असेल तर टाळा. माझा ड्रायव्हर रईस अलीबद्दल असा बोलत होता जणू परवाच घरातून गेलाय, आणि मी फोनवर त्याच महिन्यांची पानं उघडून बसलेलो. त्याला मी एक पान वाचून सांगितलं, तर तो एवढंच म्हणाला, आगा, यांना गावात कुणी भेटलंच नाही वाटतं.

पण सगळे खान एका बाजूला होते असंही नाही, आणि हे रिपोर्टमधूनच कळतं, तिथल्या म्युझियममधून नाही. जर्मन कॉन्सुल वासमुस १९१५ मध्ये इथे ब्रिटिशांविरुद्ध टोळ्या उठवत होता, त्याला याच किनाऱ्यावरच्या हयात दाऊद भागाच्या हैदर खानाने पकडून ब्रिटिशांच्या हवाली करायचा घाट घातला आणि तो निसटला, सामान मात्र मागे राहिलं. एकाच किनाऱ्यावर एक खान त्याला पकडतो आणि दुसरे त्याला आसरा देतात. यात देशभक्ती, पैसा, जुनं वैर, शेजाऱ्याची भीती सगळं एकत्र आहे आणि ते गावागावाने बदलतं.

अहरममध्ये तिथला तंगिस्तानी खान झायर खिझर याचा किल्ला बघा. नोव्हेंबर १९१५ मध्ये शिराझचा ब्रिटिश कॉन्सुल ओकॉनर तिथल्या इंग्रज मंडळींसकट पकडला गेला आणि बायकांना बुशेहरला पाठवून पुरुषांना इथे ठेवलं, ऑगस्ट १९१६ मध्ये कैद्यांच्या अदलाबदलीत सुटका झाली. वर्षानुवर्षं ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांच्याच घरात कॉन्सुलने पाऊण वर्ष काढलं. जवळ गरम पाण्याचे झरे आहेत, गाडीवाल्याला ठाऊक असतात. बोराझजानची भलीमोठी कारवांसराय परतीच्या वाटेवर येते, पुढे तिचं तुरुंग झालं होतं. १९१८ मध्ये ब्रिटिशांनी बुशेहरपासून बोराझजानपर्यंत रूळसुद्धा टाकले होते आणि मग उचलून नेले.

कपडे साधे, पुरुषांनी हाफ पँट नको, बायकांनी ओढणी जवळ ठेवावी. मोहर्रममध्ये दम्माम ढोलांचा शोक ऐकायला लोक मुद्दाम येतात, तेव्हा हॉटेल आधी ठरवा. लोकांशी राजकारण तुम्ही होऊन काढू नका, रईस अलीचा विषय मात्र खुशाल काढा.

आणि इराणला जाणं जमत नसेल तर मुंबईत काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत महाराष्ट्र पुराभिलेखागार आहे, तिथे मुंबई सरकारच्या पोलिटिकल डिपार्टमेंटचे खंड आहेत. ओळखपत्र आणि अर्ज लागतो, वेळ आणि नियम आधी फोन करून विचारा. १८७३ च्या आधीचं काही हवं असेल तर इथूनच सुरू करा, नंतरचं हवं असेल तर १८७३-७४ पासून दरवर्षी छापलेले रेसिडेन्सीचे रिपोर्ट ऑनलाइन बघा, आणि जोडीला लॉरिमरचं आखाताचं गॅझेटिअर, १९०८ चा भूगोलाचा भाग, सरकारी वापरापुरतंच छापलेलं, त्यात गावागणिक घरं किती, खजुराची झाडं किती, जनावरं किती ते दिलंय. ते गावांच्या नावाने शोधून ठेवा, देलवारच्या रस्त्यावर फार उपयोगी पडतं.