आधी सोफ्याखाली वाकून बघा

श्टुटगार्टमध्ये केर-फरशीला माणूस मिळत नाही असं नाही, परवडत नाही. जर्मनीत जानेवारी २०२६ पासून तासाची किमान मजुरीच १३.९० युरो आहे आणि घरकाम करणारे त्याहून जास्तच घेतात. त्यामुळे इथल्या बहुतेक मराठी घरांत साफसफाई शनिवारी, नवरा-बायकोत वाटून होते. रविवारी नाही. रविवारच्या शांततेला इथे राज्यघटनेचं संरक्षण आहे. शिवाय त्या दिवशी व्हॅक्युम क्लीनर लावणाऱ्याकडे शेजारी ज्या नजरेनं बघतात, तिच्यापुढे राज्यघटनेची गरजही पडत नाही.

त्यात आमच्या या श्वाबियन मुलखाची खास रीत म्हणजे केअरवोखे. दारावर पाटी लटकली की त्या आठवड्यात आपल्या मजल्यासमोरचा जिना आणि पॅसेज आपण झाडायचा-पुसायचा. ही शिस्त थेट पंधराव्या शतकातल्या हुकमांपर्यंत मागे जाते. आता ती भाडेकरारात लिहिलेली असते. आपोआप घरभर फिरून केर ओढणारे रोबो मिळतात, पण त्यांना जिना उतरता येत नाही. म्हणजे यंत्र आणलं तरी पाटी आपल्याच दारावर.

तरीही आमच्याकडे रोबो आहे. व्हिडिओ कॉलवर तो मागून फिरताना दिसला की पुण्या-साताऱ्याकडून एकच प्रश्न येतो, "चांगलं आहे का गं? आम्ही घेऊ का?" यंत्र चांगलंच आहे. आपलं घर त्याच्या लायकीचं आहे का, ते बघावं लागतं.

आमचं घर जुन्या बांधणीचं आहे. छत उंच, जमीन लाकडी, खोल्यांमध्ये लाकडी उंबरे. साधारण दोन सेंटिमीटरपर्यंतचा उंबरा बरेचसे रोबो चढतात, तोही कड तिरकी असेल तर. काटकोनात उभा असलेला दीड सेंटिमीटरचा उंबराही कधीकधी भारी पडतो. आमच्या बेडरूमचा तसाच आहे. तिथे सामानाच्या दुकानातून रबराची उतरती पट्टी आणून बसवली. घरमालकाला न विचारता खिळे ठोकायची सोय नाही, म्हणून दुहेरी चिकटपट्टीनं.

मग उंची. लेझरनं घराचा नकाशा काढून फिरणाऱ्या रोबोच्या डोक्यावर बहुतेकदा एक छोटा घुमट असतो. त्यासकट तो साडेनऊ-दहा सेंटिमीटर उंच होतो. सोफ्याखाली नऊ सेंटिमीटर मोकळे असतील, तर धूळ जिथे सगळ्यात जास्त साठते तिथेच तो जाणार नाही. घुमट नसलेले, बुटके रोबोही मिळतात. त्यातल्या बऱ्याच जणांचं काम कॅमेऱ्यावर चालतं. कॅमेरा म्हटलं की मी जरा थबकते. चाचणीसाठी लोकांच्या घरात फिरणाऱ्या रोबोंनी टिपलेली खासगी छायाचित्रं समाजमाध्यमांवरच्या गटांत पोचल्याची बातमी २०२२ मध्ये आली होती, आणि त्यातलं एक छायाचित्र संडासातलं होतं. आम्ही लेझरवालाच घेतला. त्याला अंधारातही दिसतं, हा वरचा फायदा.

सगळ्यात गमतीचा प्रकार काळ्या गालिच्याचा. जिन्यावरून खाली पडू नये म्हणून रोबोच्या पोटाखाली सेन्सर असतात. ते खाली अवरक्त किरण सोडतात आणि परत येणारा प्रकाश मोजतात. काळं कापड तो प्रकाश गिळून टाकतं. काहीच परत आलं नाही की रोबो समजतो, पुढे दरी आहे, आणि मागे फिरतो. नवऱ्याच्या हौसेचा काळा गालिचा असा कायमचा अस्पृष्ट राहिला. त्यावर मीच हातातला व्हॅक्युम फिरवते.

कपडे वाळत घालायचा स्टँड हा दुसरा शत्रू. हिवाळ्यात तो इथे हॉलमध्येच उभा असतो. त्याच्या खालच्या बारीक नळीवर रोबो अर्धा चढतो, चाकं अधांतरी होतात आणि तो तिथेच मदतीसाठी ओरडत बसतो. चार्जरच्या वायरी, पडद्यांच्या झालरी, मुलांचे मोजे यांचीही तीच कथा. म्हणजे रोबो सोडण्याआधी कुणीतरी घरभर फिरून जमिनीवरचं उचलायला हवं. हे काम कोण करणार, ते विकत घेण्याआधीच घरात ठरवून घ्यावं. आमच्याकडे ते ठरलं नव्हतं, म्हणून अर्थातच ते माझ्याकडे आलं.

आणि केस! आपल्याकडच्या बायकांचे लांब केस ब्रशला असे काही गुंडाळतात की दर आठवड्याला कात्री घेऊन बसावं लागतं. नुसत्या रबरी पात्यांचा ब्रश असेल तर त्रास कमी होतो, संपत नाही.

जाहिरातीत खेचण्याच्या ताकदीचे पास्कलमधले आकडे हजारांनी लिहिलेले असतात. त्यावर फार जाऊ नका. पास्कल म्हणजे फक्त दाब. धूळ उचलायला हवेचा झोतही तेवढाच लागतो. साध्या, वायरच्या व्हॅक्युम क्लीनरला युरोपात २०१७ पासून ९०० वॅटची कमाल मर्यादा आहे, आणि बॅटरीवरचा रोबो त्या ९०० वॅटच्या पासंगालाही पुरत नाही. जाड गालिच्याच्या मुळाशी बसलेली माती काढणं त्याच्या आवाक्यातलं नाही. त्याचा जोर रोज फिरण्यात आहे. धूळ साठूच दिली नाही, तर थोडी ताकदही पुरते.

आवाज मात्र कमी, असं सगळे सांगतात. ते अर्धंच खरं. वर आम्हाला त्याची कुरकुर ऐकू येते, खालच्या आजींना लाकडी जमिनीवरून धावणारी चाकं. त्यात रोबो चार्जिंगला उभा राहतो तो स्टँड त्याचा कचरा स्वतःकडे ओढून घेणारा असेल, तर तो काही सेकंद असा गरजतो की झोपलेलं बाळ उठलंच म्हणून समजा. आजींशी चहावर बोलून आम्ही वेळ ठरवली. कामाच्या दिवशी, सकाळी अकरा वाजता, त्या बाजारात गेलेल्या असतात तेव्हा.

आता पुण्याच्या वहिनीचं घर. तिच्याकडे गुळगुळीत टाइल्स आहेत आणि अशी सपाट, कडक जमीन रोबोला सगळ्यात मानवते. पण बाकीचं बघा. दिवाण जमिनीपर्यंत बंद, पोटात गाद्या भरलेल्या. स्वयंपाकघरात कणगीएवढे डबे खालीच मांडलेले. बाल्कनी एक पायरी खाली. सकाळचा चहा-नाश्ता खाली बसून, म्हणजे पोह्यांची शितं आणि सांडलेला चहा एकाच जागी, आणि ओल्यावरून नुसता केर खेचणारा रोबो गेला की आत चिखल होतो. खिडक्या दिवसभर उघड्या, समोर नव्या इमारतीचं काम. त्या बारीक धुळीनं त्याचा अर्धा लिटरही न मावणारा डबा आणि फिल्टर लगेच भरणार. दारातली रांगोळी उंबऱ्याबाहेर असते म्हणून वाचेल, देवघरापुढची गेलीच.

फरशी पुसणारा रोबो घेतला तर? फडकं ओलं करून तो फिरतो आणि रोजची धूळ नीट पुसतो. पण गॅसपुढचा फोडणीचा तेलकट डाग त्याला निघत नाही. फडकं धुणारा स्टँड घेतला, तर घाण पाण्याची टाकी वेळेवर ओतावी लागते, नाहीतर पावसाळ्यात वासानं घर भरेल. आणि वहिनीकडे रोज येणाऱ्या मावशी केर-फरशीबरोबर भांडीही घासतात, जाता जाता वरची जळमटंही काढतात. त्यांच्या जागी रोबो, हा हिशेब मला मुळीच पटत नाही. नव्या घरात दोघंही दिवसभर नोकरीला, कामाला कुणी येत नाही, पलंग-सोफे पायांवर उभे, अशांनी मात्र जरूर घ्यावा.

"तू येताना तिकडूनच घेऊन ये," हा दादाचा आग्रह. वीज दोन्हीकडे २३० व्होल्टची, तेवढी अडचण नाही. पण इथली वॉरंटी तिथे सहसा चालत नाही, काही कंपन्यांचं ॲप दुसऱ्या देशात घेतलेलं यंत्र जोडूनच घेत नाही, आणि ब्रश-फिल्टरसाठी माझ्या पुढच्या सुट्टीची वाट बघावी लागेल. आपल्या शहरात दुरुस्ती केंद्र आहे ना, एवढं विचारून तिथेच घ्यावा.

वहिनीला मी एक उद्योग सांगितला होता. पुठ्ठ्याचं एक गोल खोकं करायचं, पस्तीस सेंटिमीटर रुंद, दहा उंच, आणि ते पायानं ढकलत घरभर न्यायचं. जिथे अडेल तिथे रोबोही अडणार. तिनं ते भाचीकडून करवून घेतलं. हॉल पार झाला, एका बेडरूमचं दार पार झालं, बाकी सगळीकडे खोकं अडकलं. वहिनीनं विषय सोडून दिला. दादा अजून रोज रात्री ऑफर बघतो.