रॅकला हात लावला की झिणझिण्या येतात

होम थिएटर किंवा होम ऑटोमेशन बसवून हवे आहे असा फोन आला, की मी फोनवर दर सांगत नाही. आधी घर पाहायला जातो. ग्राहकाला पडद्याचा आकार, स्पीकरची संख्या आणि मोबाइलवरून लागणारे दिवे यांविषयी बोलायचे असते आणि ते साहजिकच आहे, पण माझी पाहणी मीटरच्या पेटीपासून सुरू होते. मुख्य फलकावर काय बसवले आहे, कोणत्या बोर्डात न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी तार, पोहोचली आहे, भिंतीतल्या पाइपांत आणखी तार ओढायला जागा आहे का आणि अर्थिंगची तार खरोखर जमिनीपर्यंत जाते का, एवढे समजल्याशिवाय मी दिलेला कोणताही अंदाज हा अंदाजच राहतो. मी आयटीआयमध्ये तारतंत्रीचा व्यवसाय शिकलो आणि स्पीकरकडे नंतर वळलो, त्यामुळे ही सवय मुळातलीच आहे.

नाशिकला गंगापूर रस्त्यावरच्या एका जुन्या बंगल्यात मी अशाच पाहणीसाठी गेलो होतो. घरात काका, काकू आणि काकांची आई राहत होत्या. मुलगा नोकरीसाठी बंगळूरला होता आणि त्यानेच मला बोलावले होते. जिन्यातला आणि आजींच्या खोलीतला दिवा रात्री पावलांच्या चाहुलीने लागावा, पाण्याची टाकी भरली की मोटर आपोआप बंद व्हावी, आणि काही वर्षांपूर्वी दुसऱ्याने बसवलेले होम थिएटर या सगळ्याशी जोडले जावे, अशी त्याची मागणी होती. थिएटरच्या कामात मी हात घालावा अशी कोणाचीच अपेक्षा नव्हती, कारण ते उत्तम चालले होते.

ते खरोखरच चांगले बसवलेले होते, हे इथे सांगितले पाहिजे. समोरचे डावे-उजवे स्पीकर बसणाऱ्याच्या नजरेपासून साधारण ३० अंशांवर होते, बाजूचे दोन स्पीकर कानांच्या किंचित मागे होते, छतात आणखी दोन होते, आणि सबवूफर, म्हणजे खर्जातल्या आवाजाचा स्पीकर, कोपऱ्यात ढकलून न देता आवाज ऐकत-ऐकत जागा ठरवून ठेवलेला दिसत होता. सगळ्या तारा पाइपांतून आल्या होत्या. रिसीव्हर, वेगळा पॉवर अ‍ॅम्प्लिफायर, नेटवर्क स्विच आणि एक छोटा संगणक अशी उपकरणे एका लोखंडी रॅकमध्ये नीट रचली होती. अ‍ॅम्प्लिफायर चालू करून मी आवाज पूर्ण वाढवला, तर सबवूफरमधून गुणगुणसुद्धा आली नाही. इतकी शांतता मोठ्या खर्चाच्या थिएटरांतही नेहमी मिळत नाही.

मी वहीत नोंदी करत होतो तेव्हा आजी दारात येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अरे, तू विजेचं बघतोयस ना? मग त्या कपाटाचं बघ. हात लावला की झिणझिण्या येतात." काकू संकोचून हसल्या आणि म्हणाल्या, "आईंना तसं वाटतं. आम्ही सगळे रोज हात लावतो, आम्हाला कधी काही झालं नाही." काकांनीही मान डोलावली. डॉक्टरांनी आजींच्या हातापायांतल्या मुंग्यांवर गोळ्या दिल्या होत्या, त्यामुळे हाही त्यातलाच प्रकार असावा असे घरात ठरून गेले होते.

विजेच्या कामात एका माणसाला जाणवते आणि बाकीच्यांना जाणवत नाही, असे कोणी सांगितले की मी हातातले काम बाजूला ठेवतो. प्रवाहाला शरीरातून जायला वाट लागते आणि ती वाट प्रत्येकाची सारखी नसते. मी आजींना विचारले की हात कधी लागतो. त्या रोज सकाळी फरशी पुसून झाली की त्याच ओल्या फडक्याने रॅक पुसत आणि घरात अनवाणी वावरत. काका, काकू आणि सुट्टीत येणारा मुलगा, तिघेही घरात सपाता घालत. ओली मोझॅक फरशी, अनवाणी पाय आणि ओला हात हे तिन्ही त्या घरात फक्त आजींच्याच वाट्याला येत होते. मग मी विचारले की हे केव्हापासून होते. थोडा विचार करून त्या म्हणाल्या, "गच्चीचं काम झालं ना, तेव्हापासून. त्याआधी नव्हतं." गच्चीचा आणि दिवाणखान्यातल्या कपाटाचा काय संबंध, म्हणून काकांनी ते वाक्य तिथेच सोडून दिले, पण मी ते वहीत लिहून घेतले.

टेस्टर रॅकच्या स्क्रूला लावला तर तो मंद पेटला. केवळ टेस्टरवर मी निष्कर्ष काढत नाही, म्हणून मल्टिमीटरचे एक टोक रॅकला आणि दुसरे भिंतीतल्या सॉकेटच्या अर्थ पिनेला लावले. आकडा आला १०८ व्होल्ट. घरातल्या २३० व्होल्टच्या जवळजवळ अर्धा असा हा आकडा या धंद्यातल्या माणसाला लगेच ओळखता येतो. आजच्या बहुतेक इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या वीजपुरवठ्यात विजेतला गोंगाट गाळण्यासाठी फेज (वीज आणणारी तार) आणि न्यूट्रल या दोन्हींपासून धातूच्या आवरणाकडे छोटे कपॅसिटर जोडलेले असतात. आवरण अर्थिंगला जोडलेले असेल तर त्यांतून झिरपणारा किंचित प्रवाह जमिनीत निघून जातो. जोडलेले नसेल तर आवरण दोघांच्या मध्ये, म्हणजे अर्ध्या व्होल्टेजवर तरंगत राहते. त्या रॅकमधली उपकरणे एकाच लोखंडावर बसली होती, त्यामुळे सगळ्यांचे झिरपणे एकत्र येत होते. मोजले तर ते १ मिलीअँपिअरच्या आतच भरले. माणसाला प्रवाहाची जाणीव साधारण अर्धा ते एक मिलीअँपिअरच्या दरम्यान होऊ लागते. आजींचे म्हणणे मीटरच्या आकड्याशी तंतोतंत जुळत होते.

म्हणजे रॅकला अर्थिंग नव्हते. सॉकेटमध्ये अर्थ पिन होती, रॅकमधल्या स्पाइक गार्डची, म्हणजे सगळी उपकरणे जिला जोडली होती त्या सॉकेटच्या पट्टीची, तारही तीन पदरी होती. मी मुख्य स्विच बंद करून स्पाइक गार्डचा प्लग उघडला. आत अर्थिंगची हिरवी तार मुळापासून कापून तिच्या टोकाला नीट टेप गुंडाळलेली होती. तार तुटली नव्हती, कोणीतरी विचार करून कापली होती.

आता गच्चीचे वाक्य आठवून मी काकांना वर घेऊन गेलो. पावसाळ्याआधी वॉटरप्रूफिंग करताना कामगारांनी टीव्हीची जुनी डिश काढून टाकली होती आणि त्यानंतर घरात टीव्ही फायबरच्या इंटरनेटवरच चालू होता. डिशचा पाय ज्या लोखंडी कठड्याला वेल्ड केलेला होता, तो कठडा स्लॅबच्या सळ्यांना जोडलेला होता. इथे सगळे धागे जुळले. डिश होती तेव्हा रॅकपर्यंत येणाऱ्या तिच्या केबलची बाहेरची जाळी कठड्यावाटे एका वेगळ्याच ठिकाणी जमिनीला टेकली होती, तर रॅक भिंतीतल्या अर्थिंगवाटे दुसऱ्या ठिकाणी. दोन जागी जमिनीला टेकलेल्या यंत्रणेत दोन जागांमधल्या व्होल्टेजच्या किंचित फरकामुळे स्पीकरच्या सिग्नल तारांच्या जाळीतून प्रवाह वाहतो आणि सबवूफर ५० हर्ट्झला व त्याच्या पटींना गुणगुणू लागतो. थिएटर बसवणाऱ्याने ती गुणगुण घालवण्यासाठी दोहोंपैकी एक जोड तोडली आणि नेमकी तीच तोडली जी माणसाच्या जिवासाठी असते. डिशच्या केबलमुळे रॅक तरीही कसाबसा जमिनीला जोडलेला राहिला. गच्चीच्या कामात तोही धागा सुटला आणि आजींना झिणझिण्या येऊ लागल्या.

त्या १ मिलीअँपिअरहून कमी प्रवाहाने कोणाचा जीव गेला नसता. मला भीती वाटली ती पुढच्या दोषाची. चार उपकरणांपैकी एकाचे जरी आतले इन्सुलेशन निकामी झाले असते, तर पूर्ण २३० व्होल्ट त्या लोखंडी रॅकवर आले असते आणि ते कळायला घरात काहीच नव्हते. मुख्य फलकावर फक्त एमसीबी होते. एमसीबी तारांना जास्त भारापासून आणि शॉर्ट सर्किटपासून वाचवतो. माणसाच्या शरीरातून जमिनीत जाणारी गळती त्याला दिसत नाही. ती ओळखणारा, ३० मिलीअँपिअरवर पुरवठा तोडणारा आरसीसीबी त्या घरात कधी बसवलाच नव्हता.

मी गाडीतून अर्थ टेस्टर आणून घराचे अर्थिंगही मोजले. मागच्या अंगणातल्या अर्थिंगच्या खड्ड्यावर पेव्हर ब्लॉक बसले होते, त्यामुळे त्यात पाणी पडणे बंद झाले होते. रोध १८ ओहम भरला. काकांना मी कागदावर हिशेब करून दाखवला, कारण केवळ "अर्थिंग खराब आहे" एवढ्यावर कोणी अंगण उकरू देत नाही. २३० ला १८ ने भागले तर प्रवाह येतो १३ अँपिअरच्या आत. त्या खोलीचा एमसीबी १६ अँपिअरचा होता. म्हणजे हिरवी तार जोडलेली असती आणि उपकरणाची फेज थेट आवरणाला चिकटली असती, तरी तो एमसीबी पडला नसता. काका निवृत्त हिशेबनीस होते. त्यांनी कागद ओढून घेऊन स्वतः पुन्हा भागाकार केला आणि मग आईकडे पाहिले. "आई, तू सांगत होतीस आणि आम्ही ऐकलं नाही," एवढेच ते म्हणाले. आजींनी त्यावर मला चहा विचारला.

संध्याकाळी मुलाशी व्हिडिओ कॉलवर बोलणे झाले. ऑटोमेशनचे काम मी घेईन, पण आधी अर्थिंगचा नवा खड्डा, आरसीसीबी आणि परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून पूर्ण घराच्या वायरिंगची तपासणी, हा क्रम मी सोडणार नाही, असे मी त्याला सांगितले. त्यातला मोठा खर्च माझ्या बिलात येणार नव्हता, तो ठेकेदाराचा होता. त्याने विचारले की तार जोडली तर गुणगुण परत येईल का. मी नवा प्लग बसवून हिरवी तार जोडली होती. फोन सबवूफरजवळ धरून त्याला ऐकवले. डिशच नसल्याने दुसरी वाट उरली नव्हती आणि गुणगुण येण्याचे कारणही. मुळात डिश असतानाही केबल घरात शिरते तिथे आयसोलेटर (सिग्नल जाऊ देऊन जाळीची जोड तोडणारा छोटा भाग) लावता आला असता, किंवा तिची जाळी घराच्याच अर्थिंगला जोडता आली असती. थोड्या खर्चात आणि अर्ध्या दिवसात होणारे ते काम होते. जुने अर्थिंग १८ ओहमचे का असेना, रॅकवरचे १०८ व्होल्ट ते जोडताच नाहीसे झाले, पण खड्डा आणि आरसीसीबी होईपर्यंत रॅकचा पुरवठा मी बंदच ठेवायला सांगितला.

ऑटोमेशनबद्दल माझ्या दोन अटी त्याच कॉलवर ठरल्या. प्रत्येक दिव्याचे भिंतीवरचे साधे बटण कायम चालू राहील, म्हणजे इंटरनेट गेले तरी आजींना अंधारात थांबावे लागणार नाही. आणि यंत्रणेचे खाते पहिल्या दिवसापासून काकांच्या नावाने, त्यांच्याच ईमेलवर उघडले जाईल. बसवणाऱ्याच्या खात्यावर चालणारी घरे मी पाहिली आहेत. तो माणूस गाव सोडून गेला की घरमालकाला स्वतःच्या जिन्यातला दिवा नव्याने जोडता येत नाही. जिन्याच्या बोर्डात न्यूट्रल नव्हती, ती ओढण्याचा खर्च मी अंदाजपत्रकात वेगळा दाखवला. टाकीच्या मोटरीचे काम सोपे होते.

थिएटर बसवणाऱ्याचा नंबर काकांकडे होता. मी त्याला फोन केला, तेव्हा मनात राग होता हे खरे. पंचविशीतला मुलगा निघाला. त्याने काहीही लपवले नाही. ग्राहक गुणगुणीमुळे शेवटचा हप्ता देत नव्हते, ज्यांच्याकडे तो काम शिकला त्यांनी "अर्थ काढ, आवाज जातो" असे सांगितले होते, आणि आवाज गेलाही होता. स्पीकरचे कोन आणि अंतरे त्याने इंटरनेटवर वाचून, टेपने मोजून ठरवली होती. हिरवी तार कशासाठी असते हे मात्र त्याला कोणी समजावले नव्हते. इतके निगुतीने काम करणाऱ्या मुलाच्या हातून हे झाले, याचा मला अजून त्रास होतो.

मी त्याला खड्डा भरायच्या दिवशी यायला सांगितले आणि तो आला. ठेकेदाराच्या माणसांबरोबर त्याने नवा खड्डा पाहिला, फलकावर आरसीसीबी बसताना पाहिला, आणि अर्थ टेस्टरच्या खुंट्या स्वतः ठोकून रोध मोजला; तो ३ ओहमच्या खाली आला होता. आरसीसीबीचे चाचणीचे बटण दाबल्यावर घरातला पुरवठा तुटला, तेव्हा तो बराच वेळ फलकाकडे पाहत उभा राहिला. मग त्याने खिशातून मोबाइल काढला आणि आणखी दोन घरांचे पत्ते मला वाचून दाखवले, एक इंदिरानगरचा आणि एक देवळाली कॅम्पचा. तिथेही त्याने असाच आवाज घालवला होता. दोन्ही घरी त्याने माझ्यासमोरच फोन लावला, आम्ही येईपर्यंत रॅकचा प्लग काढून ठेवा असे सांगितले, आणि येत्या रविवारची वेळ घेतली.