तुम्ही विचारलंत म्हणून: आपली माणसं अमेरिकेत एवढ्या उशिरा का आली?

इथे अमेरिकेत मंडळाच्या गणपतीत, कुणाच्या लग्नात, पुण्याला गेले की नात्यातल्यांकडे, हा प्रश्न हमखास येतो. "आयरिश, इटालियन, ज्यू सगळे शंभर वर्षांपूर्वीच बोटीने अमेरिकेला पोचले, मग आपण भारतीय १९६५ नंतरच का? तोवर कुणाला जावंसंच वाटलं नाही का?" आणि पाठोपाठ बहुतेक वेळा हेही येतं की आपण उशिरा आलो, पण शिकून, स्वतःच्या लायकीवर आलो. या दोन्हीचं उत्तर वेगवेगळं देता येत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

लोक आले होते. १९०० नंतरच्या थोड्याच वर्षांत पंजाबातले शेतकरी, बहुतेक शीख, काही कॅनडामार्गे, वॉशिंग्टन आणि ओरेगॉनच्या लाकूड कापायच्या गिरण्यांत आणि कॅलिफोर्नियाच्या शेतांवर कामाला लागले होते. पेपरवाले त्यांना सरसकट 'हिंदू' म्हणायचे, मग माणूस शीख असो की मुसलमान. ४ सप्टेंबर १९०७ ला वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅम गावात शेकडो गोऱ्यांचा जमाव त्यांच्या राहत्या खोल्यांत घुसला, झोपलेल्यांना ओढून बाहेर काढलं, मारहाण केली, आणि काही दिवसांत ती सगळी माणसं गाव सोडून गेली. हे कमी मजुरीत काम करून आमच्या नोकऱ्या खातात, ही तक्रार.

आपली मराठी माणसंही होती. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे ओरेगॉनमध्ये शेतीशास्त्र शिकत होते आणि गदरच्या, म्हणजे इंग्रजांविरुद्ध सशस्त्र उठाव करू पाहणाऱ्या इथल्या भारतीयांच्या संघटनेच्या, उभारणीत होते. शिकायला म्हणून आलेला तळेगाव ढमढेऱ्याचा विष्णू गणेश पिंगळे गदरमध्ये सामील होऊन देशात परतला आणि नोव्हेंबर १९१५ मध्ये कर्तारसिंग सराभासोबत लाहोरला फाशी गेला. १९१३ ते १९१६ डॉ. आंबेडकर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात होते. म्हणजे येणारे होतेच, आणि वाट मोकळी असती तर मागून आणखी आले असते यात मला शंका वाटत नाही.

वाट बंद केली कायद्याने. १९१३ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा केला की ज्यांना नागरिकत्व मिळूच शकत नाही अशा परदेशी लोकांना शेतजमीन विकत घेता येणार नाही. फेब्रुवारी १९१७ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, राष्ट्राध्यक्ष विल्सन यांचा व्हेटो (नकाराधिकार) धुडकावून आशियाचा मोठा पट्टाच प्रतिबंधित ठरवला, त्यात हिंदुस्थान आला आणि नवे मजूर येणं थांबलं. जे आधीच आत होते त्यांचा प्रश्न राहिला, कारण १७९० च्या कायद्याने नागरिकत्व फक्त 'गोऱ्या' माणसाला होतं आणि १८७० मध्ये त्यात आफ्रिकी वंशाच्या लोकांची भर घातली होती. मधले सगळे लटकलेले.

भगतसिंग थिंड हा त्यातलाच एक. पंजाबी शीख, पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात भरती झालेला. ओरेगॉनच्या कोर्टाने त्याला नागरिकत्व दिलं, सरकारने त्याविरुद्ध अपील केलं आणि केस सुप्रीम कोर्टात गेली. आता बघा, नोव्हेंबर १९२२ मध्ये ओझावा नावाच्या जपानी माणसाच्या केसमध्ये याच कोर्टाने सांगितलं होतं की गोरा म्हणजे कॉकेशियन (त्या काळच्या वंशशास्त्राने पाडलेल्या गटांपैकी युरोपियन ज्यात मोडत तो गट), जपानी कॉकेशियन नाहीत, सबब अर्ज नामंजूर. थिंडच्या वकिलांनी तेच धरलं, की त्या काळच्या वंशशास्त्राप्रमाणे उत्तर हिंदुस्थानातला माणूस कॉकेशियन ठरतो. १९ फेब्रुवारी १९२३ ला निकाल आला, लिहिणारे न्यायमूर्ती ओझावाच्या निकालाचेच, जॉर्ज सदरलंड, जे स्वतः इंग्लंडमध्ये जन्मून लहानपणी आलेले, आणि आता ते म्हणाले की शास्त्र काय म्हणतं ते सोडा, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा. तीन महिन्यांत कसोटीच बदलली, आणि सगळे न्यायमूर्ती एकमताने.

मला राग येतोच. पण त्या केसमधली दुसरी एक गोष्ट त्याहून जास्त टोचते. थिंडच्या बाजूने कोर्टात नुसतं कॉकेशियन एवढंच मांडलं नव्हतं, तर हा उच्च जातीचा आर्य आहे, आणि उच्चवर्णीय हिंदू तिथल्या आदिवासी माणसाकडे लग्नाच्या बाबतीत त्याच नजरेने बघतो ज्या नजरेने अमेरिकन माणूस काळ्या माणसाकडे बघतो, असं लिहून दिलं होतं. म्हणजे आम्हीही तुमच्यासारखेच भेद पाळतो, आम्हाला आत घ्या. मे १९१६ मध्ये याच देशात आंबेडकरांनी जातीच्या उगमावर आपला निबंध वाचला होता, आणि सात वर्षांत ती जात इथल्या सर्वोच्च कोर्टात लायकी म्हणून पुढे केली गेली. थिंडच्या बाजूची अडचण मी समजू शकते, हातात दुसरं हत्यार नव्हतं, पण हा युक्तिवाद मला आजही पचत नाही.

निकालानंतर सरकार ज्यांना आधीच नागरिकत्व मिळालं होतं त्यांच्याही मागे लागलं. पेशावरहून १९१५ मध्ये बायकोमुलांना घेऊन सॅन फ्रान्सिस्कोला आलेले वैष्णो दास बगई १९२१ मध्ये नागरिक झाले होते, दुकान होतं, सगळं इथेच. नागरिकत्व गेलं, मालमत्ता विकावी लागली, हिंदुस्थानात जाऊन यायला अमेरिकन पासपोर्टही मिळेना. १९२८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली आणि मागे ठेवलेली चिठ्ठी पेपरात छापून आली. ही मोहीम थांबवली ती थिंडच्याच एका वकिलाने, सखाराम गणेश पंडित, जन्म अहमदाबादचा, १९१४ चे नागरिक. त्यांच्यावरही केस झाली तेव्हा ते लढले, की एकदा कोर्टाने दिलेलं नागरिकत्व इतक्या वर्षांनी उकरून काढता येत नाही, त्याच्या भरवशावर मी वकिली केली, घर केलं, लग्न केलं. १९२६ मध्ये अपील कोर्टात जिंकले, १९२७ मध्ये सुप्रीम कोर्टाने सरकारचं ऐकायला नकार दिला.

थिंडला शेवटी १९३६ मध्ये माजी सैनिकांसाठीच्या वेगळ्या कायद्याखाली नागरिकत्व मिळालं. १९४६ मध्ये भारतीयांना नागरिकत्वाचा हक्क आला आणि सोबत कोटा, वर्षाला १०० माणसं, अख्ख्या हिंदुस्थानातून.

आता लायकीचं. लायकी खानखोजेंकडे नव्हती का, पंडितांकडे नव्हती का? देशवार कोटे काढून शिकलेल्यांना वाट उघडणारा १९६५ चा इमिग्रेशन कायदा ज्या हवेत पास झाला ती हवा काळ्या अमेरिकनांनी मार खाऊन, तुरुंगात जाऊन तयार केली होती. १९६४ मध्ये नागरी हक्क कायदा, ऑगस्ट १९६५ मध्ये मतदान हक्क कायदा, आणि दोनच महिन्यांत, ३ ऑक्टोबरला, राष्ट्राध्यक्ष जॉन्सननी ज्यावर सही केली तो आपल्याला आत घेणारा कायदा. ज्या लोकांपासून आपण वेगळे आहोत हे १९२३ मध्ये कोर्टात सिद्ध करायची धडपड चालली होती, त्यांच्याच लढ्याने आपल्या इंजिनियर-डॉक्टरांना व्हिसा मिळाले. म्हणून कुणी लायकीवर आलो म्हटलं की मी आधी बेलिंगहॅमपासून सगळं सांगते, भले जेवणाची पंगत लांबली तरी.