तुम्ही विचारलंत म्हणून: फेटिया मी का घालत नाही

"ताई, एवढं भरतकाम शिकवता, मग स्वतः फेटिया-कांचळी का घालत नाही?" फेटिया म्हणजे आपल्या बंजारा बायकांचा आरशा-कवड्यांनी भरलेला घागरा, कांचळी म्हणजे त्यावरची चोळी. हा प्रश्न मला आपल्या बंजाऱ्यांच्या पोहरादेवीच्या यात्रेत विचारला जातो, तांड्यातल्या लग्नांत विचारला जातो, शिकायला येणाऱ्या पोरीही विचारतात. आजवर मी "ऊन फार आहे" एवढं म्हणून सुटत आले. ऊन आहेच. एप्रिलातल्या यवतमाळात कवड्या-आरशांनी जड झालेला तो घेर घालून उभं राहा, मग कळेल. पण ते माझं कारण नाही.

मी सहावीत होते. याडी, म्हणजे माझी आई, मला घेऊन तालुक्याच्या आठवडी बाजाराला गेली होती. तिच्या अंगावर फेटिया होता, कमरेला तिनेच भरतकाम केलेली कोथळी, म्हणजे छोटी पिशवी. कापडाच्या दुकानात गर्दी होती आणि एका बाईचे पैसे सापडेनात. कुणीतरी बोट दाखवलं. नाव माहीत असायची गरजच नव्हती, आरसे लांबून चमकतात. चौकीत नेलं. कोथळीत थोडी चिल्लर आणि सुपारी निघाली. तेवढ्यावर भागलं नाही. आपलं काम दुहेरी कापडावरचं, चाचपलं की आत काहीतरी असल्यासारखं लागतं. शिपायाने विचारलं, "आत काय शिवलंय?" याडी म्हणाली, "दोरा हाय साहेब. नुसता दोरा हाय." त्याने ब्लेडने शिवण उसवली, एका बाजूने पूर्ण. दोन कवड्या टेबलाखाली गेल्या. आत दोराच होता. पुढे पैसे दुकानातच ताग्याखाली सापडले, तसा निरोप आला आणि आम्हाला "जा" म्हणाले. याडीने कवड्या मागून घेतल्या. घरी येईपर्यंत ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही, आणि पुढच्या बाजाराला शेजारणीची साडी नेसून गेली.

इंग्रजांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जमातीच्या जमाती जन्मापासून गुन्हेगार ठरवल्या. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो शिक्का निघाला, म्हणून आपल्या दाखल्यावर 'विमुक्त' लिहिलेलं असतं. मी सांगतेय तो बाजार त्यानंतर कितीतरी वर्षांनी भरलेला होता.

एक गोष्ट मात्र कुणी विचारत नाही, म्हणून मीच सांगते. याडीने फेटिया पेटीत ठेवला, सुई ठेवली नाही. कापसाच्या वेचणीवरून आली की चुलीला लागायच्या आधी थोडा वेळ ती ओट्यावर भरायला बसायची. आणि ती उसवलेली कोथळी तिने शिवलीच नाही. माझ्या हातात दिली. मी शिकले ती त्या कोथळीवर. उसवल्यामुळे दोन्ही पदर उघडे होते, टाका वरून कुठे शिरतो आणि मागून कुठून फिरतो ते दिसत होतं. चांगल्या हाताची मागची बाजूसुद्धा वाचता येते, हे मला तिथे कळलं. छापा नाही, पेन्सिल नाही. मांजरपाटाचे उभे-आडवे धागे मोजायचे आणि सुई घालायची. टेरिकॉटवर हे जमत नाही, धागे मोजता येत नाहीत. आरसा बसवताना आधी त्यावर उभे-आडवे धागे ताणून चौकट धरायची, मग त्या धाग्यांत सुई अडकवत गोल फिरायचं. चौकट सैल राहिली की पहिल्याच धुण्यात आरसा गळतो. पोरींना मी आजही हेच आधी करायला लावते, आणि त्या कंटाळतात.

कॉलेजात असताना मी याडीशी भांडले होते. म्हटलं होतं, तू घाबरलीस, कपडा उतरवलास म्हणजे त्यांचंच खरं केलंस. ती म्हणाली, "माझे कपडे घालून तू एसटीत उभी राहा, मग बोल." त्या वेळच्या मला आज मी गप्प करू शकत नाही. त्या कॉलेजातल्या पोरीचं म्हणणं खरं आहे असं अर्ध्या वेळा वाटतं, आणि उरलेल्या वेळी याडी आठवते. बरं, नुसती भीती असती तर पोहरादेवीत तरी मी फेटिया घातला असता. तिथे सगळे आपलेच, तिथे कोण बोट दाखवणार? तरी हात पेटीकडे जात नाही. याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि ते तुम्हाला देणं मी लागत नाही.

तुम्ही कर्नाटकातल्या संदूरचं उदाहरण देता, की तिथल्या बायकांनी हे काम टिकवलं. मला त्या बायकांचा अभिमान आहे. तिथल्या लमाणी, म्हणजे आपल्याच बंजारा, भरतकामाला भौगोलिक मानांकन आहे. किलन, वेले, माकी, रेलो अशी त्यांच्या टाक्यांची नावं आज लिहून ठेवलेली आहेत. २०२३ ला हंपीत त्यांनी १,७५५ नग मांडून गिनीजमध्ये नोंद केली. आपल्याकडे मात्र फेरीवाला स्टीलची भांडी देतो आणि आजीचा फेटिया घेऊन जातो. तो कापून पुढे पिशव्या आणि उशांचे अभ्रे होतात. मंचावर नाचताना तुम्ही घालता तो मशीनवरचा, प्लास्टिकच्या आरशांचा. घाला, मी नावं ठेवत नाही. पण तो अंगावर घालून मला "तुम्ही संस्कृती का सोडली" असं विचारू नका. तुमच्यातल्या कितीजणींना कापडावर कवडी टाकायला येते?

माझी मुलगी तिच्या लग्नात याडीचा फेटिया घालायचं म्हणते. मी हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही. घेराची एक पट्टी विरली आहे, ती सध्या आम्ही दोघी भरतोय. तसा दोरा आता मिळत नाही, म्हणून लाल रंग जुळत नाहीये. कुणाकडे जुना सुती दोरा पडून असेल तर तेवढा पाठवा.