चिंगी अर्धीच वाटी जेवायची

खूप दिवसांनी लिहितेय कारण जूनपासून आमच्या घरात एकच विषय आहे, चिंगी. चिंगी म्हणजे आमची गावठी कुत्री, 13 वर्षांची, पावसात जिन्याखाली कुडकुडत बसलेली म्हणून आईने "दोन दिवस ठेवू" म्हणत वर आणलेली.

पहिला झटका जूनमध्ये आला. सकाळी उठली ती उभीच राहीना, मान एका बाजूला कलंडलेली, बुबुळं डावीउजवीकडे सारखी थरथरतायत, त्यात उलट्या. शेजारच्या काकू म्हणाल्या लकवा मारला, मलाही तेच वाटलं, रिक्षात तिला मांडीवर घेऊन जाताना मी मनातल्या मनात तिला पोचवूनच आले होते. डॉक्टरांनी डोळे बघितले, कान बघितले, तिचा पंजा मुद्दाम उलटा ठेवून ती सरळ करते का ते बघितलं, आणि म्हणाले घाबरू नका, आतल्या कानाकडून तोल सांभाळला जातो तो बिघडलाय, म्हाताऱ्या कुत्र्यांना होतं हे, कारण बऱ्याचदा सापडतच नाही, साधारण तीन दिवसांत उतार पडायला लागतो. उलटीचं औषध दिलं बस. आणि खरंच चौथ्या दिवशी भिंतीला टेकत टेकत चालायला लागली, दोन आठवड्यांत जिना उतरली. मान जराशी तिरकी राहिली ती राहिलीच, फोटोत छान दिसते.

त्यामुळे ऑगस्टमध्ये परत काहीतरी बिनसलं तेव्हा आम्ही निवांत, तेच असेल म्हणून. ते नव्हतं. हॉलमध्ये डावीकडे गोल गोल फिरत राहायची, मग सोफ्यामागच्या कोपऱ्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभी, उजवा पुढचा पंजा मधूनच उलटा पडायचा. आणि जेवण अर्धं टाकायला लागली. अर्धं म्हणजे अक्षरशः अर्धं, दहीभाताची डावी बाजू चाटूनपुसून साफ आणि उजवी तशीच. आम्हाला वाटलं भूक गेली. एकदा बाबा वाटी उचलायला गेले, हातातून सरकून ती फिरली, तर बाईसाहेबांनी उरलेला भातही संपवला! म्हणजे भूक होतीच, तिच्या लेखी उजवीकडे काही नव्हतंच.

डॉक्टरांना हे सांगितलं तर ते जरा गप्पच झाले. डावीकडे फिरणं, उजवा पंजा, वाटीची उजवी बाजू, हे सगळं मेंदूच्या डाव्या भागाकडे जातं म्हणाले. तिथे काय आहे, गाठ, सूज, की एखादी शीर बंद झालीय, ते बाहेरून कळणार नाही.

आधी सोपं सोपं तपासून घेतलं. गोचीड ताप (आपल्याकडे हे आधी बघायचंच), साखर, लिव्हर, किडनी, बीपी. थायरॉइड थोडं कमी आलं, मी लगेच खूश, सापडलं म्हटलं, तर डॉक्टर म्हणाले दुसऱ्या कुठल्याही आजारपणातही ते कमी दिसतं, त्याच्यावर नाचू नका. राहिला एमआरआय. त्यासाठी पुण्याला न्यायचं, म्हणजे नाशिकहून संगमनेर, नारायणगाव करत पाच तास गाडीत, तेही गोल गोल फिरणाऱ्या कुत्रीला, आणि कुत्र्याला "हलू नको" सांगता येत नाही त्यामुळे पूर्ण भूल. त्यात तिच्या हृदयाच्या ठोक्यांत थोडा जादा आवाज येतो, म्हणजे भुलीचीच भीती.

घरात दोन पार्ट्या पडल्या. नवरा म्हणे कळायला तरी हवं. आई म्हणे कळून काय करणार. दोघंही बरोबर, हीच तर पंचाईत. त्यात मेंदूची सूज उतरवणारं स्टेरॉइड एकदा सुरू केलं की नंतर एमआरआय काढला तरी काही आजार त्यात झाकले जाऊ शकतात, म्हणजे आधी औषध देऊन बघू, नाहीच जमलं तर तपासणी, असं आरामात ठरवता येत नव्हतं. शेवटी मी डॉक्टरांना विचारलं, गाठ निघाली तर तुम्ही काय कराल? म्हणाले, या वयात मी ऑपरेशन सुचवणार नाही, स्टेरॉइडच देईन. आणि सूज निघाली तर? तरी स्टेरॉइड, फक्त डोस आणि जोडीची औषधं बदलतील. झालं, पुण्याचा बेत रद्द. नवरा दोन दिवस घुश्शात होता, मला अजूनही कधीतरी रात्री वाटतं न्यायला हवं होतं.

गुडघ्यांसाठी मेलॉक्सिकॅम हे दुखणं कमी करणारं औषध चालू होतं ते बंद केलं, स्टेरॉइडबरोबर चालत नाही ते, पोटात जखमा होतात. मधे थोडे दिवस जाऊ दिले आणि त्याच दिवसांत एका रात्री फिट आली. मी रडत होते आणि नवरा व्हिडिओ काढत होता, तेव्हा त्याचा प्रचंड राग आला, पण डॉक्टरांनी सगळ्यात आधी व्हिडिओच मागितला. दीड मिनिट. पाच मिनिटांच्या वर गेली किंवा एका दिवसात दोन आल्या तर लगेच घेऊन या, आणि तोवर फिट थांबवायला नाकात मारायचा मिडाझोलामचा स्प्रे. शिवाय फिटच्या गोळ्या, लेव्हेटिरासिटाम, दर आठ तासांनी. मेडिकलवाल्याने बिलावर घालायला पेशंटचं नाव विचारलं, चिंगी, वय, तेरा, बिचारा इतका हळवा झाला की सुट्टे पैसे घेईना. मला कुत्री आहे म्हणायचा धीर झाला नाही.

आता स्टेरॉइडचा चौथा आठवडा. कोपऱ्यात उभं राहणं थांबलंय, पंजा सरळ पडतो, फिट नाही. पाणी मात्र बादलीने पिते, रात्री दोनदा खाली न्यावं लागतं, आणि भूक अशी की आईच्या हातातली भाकरी ओढली. वाटी अजून फिरवावीच लागते. डोस हळूहळू उतरवायचाय, एकदम बंद करायचा नाही, तेव्हा खरं काय ते कळेल.

एका कागदावर आम्ही दोघांनी तीन गोष्टी लिहून ठेवल्यात, उठता न येणं, आम्हाला न ओळखणं, फिट आवरेनाशा होणं. यातल्या दोन झाल्या की ओढायचं नाही. तो कागद फ्रिजवर लावला नाही, आई वाचेल. स्प्रेच्या डब्यात घडी करून ठेवलाय.