निसर्गवाद म्हणजे नेमका कुठला?

निसर्गवादावर वाद सुरू झाला की थोड्या वेळात लोक एकमेकांशी नाही, हवेशी भांडायला लागतात, कारण एकजण विज्ञानाच्या पद्धतीबद्दल बोलत असतो, दुसऱ्याला वाटतं हा देवच नाकारतोय आणि तिसरा केव्हाच कादंबरीवर पोचलेला असतो.

आधी विज्ञान घेऊ, मला तेच सगळ्यात आवडतं. गुरूचा वेग हळूहळू वाढतोय आणि शनीचा कमी होतोय असं जुन्या नोंदींवरून दिसत होतं. न्यूटनला तर वाटायचं की ग्रहांच्या ओढाताणीत ही घडी कधीतरी विस्कटणार आणि ती परत बसवायला देवाचाच हात लागणार. फ्रेंच गणितज्ञ लाप्लासने १७८५ च्या सुमाराला गणित मांडून दाखवलं की गुरूच्या पाच फेऱ्या म्हणजे जवळपास शनीच्या दोन फेऱ्या, म्हणून ती ओढ एकाच दिशेने साचत जाते आणि मग उलटते, सगळं मिळून साधारण ९०० वर्षांचं चक्र. किती सुंदर आहे हे! पण यातून देव नाही असं काही सिद्ध होत नाही हो. घटनेचं कारण निसर्गातच शोधायचं, मधेच हात टेकायचे नाहीत, हा कामाचा नियम झाला.

निसर्गापलीकडे काही नाहीच, हे म्हणणं तत्त्वज्ञानातलं. चार्वाक म्हणायचे, घटक आंबले की जशी नशा तयार होते तसं पृथ्वी, पाणी, तेज, वायू या महाभूतांच्या मिश्रणातून चैतन्य येतं. माझाही कल तिकडेच आहे, पण त्यासाठी वेगळा युक्तिवाद द्यावा लागतो, विज्ञानाच्या यशावर तो फुकट मिळत नाही.

कलेत तर फ्रेंच कादंबरीकार झोलाने कमालच केली. शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बर्नार्डचं प्रायोगिक वैद्यकावरचं पुस्तक वाचून १८८० मध्ये त्याने जाहीर केलं की कादंबरीही प्रयोगच. मला हे अजिबात पटत नाही, बर्नार्डच्या टेबलावरचा ससा त्याचा अंदाज खोटा पाडू शकत होता, झोलाच्या पात्रांना ती सोयच नाही. पण निरीक्षण! १८८४ च्या खाणकामगारांच्या संपात तो उत्तर फ्रान्समधल्या आंझॅंला गेला, खाणीत उतरला, आणि त्याच्या जर्मिनाल कादंबरीत जाळ्यात बांधून खाली सोडलेला घोडा आहे, भीतीने पार थिजलेला, आणि खाली वर्षानुवर्षं राबणारा म्हातारा घोडा त्याला हुंगतो, तर त्याला मोकळ्या हवेचा वास येतो. प्रयोगाचा दावा बाजूला ठेवला तरी हे पान जसंच्या तसं उभं राहतं, म्हणून कलेतल्या निसर्गवादाला विज्ञानाची फूटपट्टी लावू नये असं माझं ठाम मत आहे.