कच्ची वही

अकरावीत लोलकाच्या प्रयोगात मी पाचही वेळा गुरुत्वत्वरणाचं उत्तर पुस्तकातलंच, ९.८ काढलं होतं. जर्नल सुबक, आकृती रेखीव. सरांनी पान पाहिलं आणि एवढंच विचारलं, "कच्ची वही कुठंय?" ती नव्हतीच. उत्तर आधी ठरवून आकडे मागाहून बसवले होते. "अरे, स्टॉपवॉच दाबायला उशीर होतो, दोरा हलतो. खरी मोजमापं इतकी शहाण्यासारखी वागत नाहीत." प्रयोग पुन्हा करावा लागला. या वेळी ९.६ आलं, मग १०.१. सरांनी त्यावर सही केली.

पुढे विज्ञान आणि उद्योगक्षेत्रातली शोधपत्रकारिता करताना मी बहुधा तेवढा एकच प्रश्न विचारत आलो. एका कारखान्याच्या सांडपाण्याचे अहवाल हाती आले होते. सलग अकरा महिने सामू, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी ते सांगणारा आकडा, ७.२. पावसाळ्यात ७.२, दुरुस्तीसाठी कारखाना बंद होता तेव्हाही ७.२! मर्यादा कुठेच ओलांडलेली नाही, मग बातमी कसली, असं संपादकांचं म्हणणं. मी प्रयोगशाळेच्या मूळ नोंदवहीमागे लागलो. चार महिन्यांनी कळलं, नमुने घेतलेच जात नव्हते.

या कामात मी ज्यांना मानतो ते ब्रिटिश पत्रकार ब्रायन डीअर. गोवर-गालगुंड-रुबेला लसीचा ऑटिझमशी संबंध सुचवणारा, अवघ्या १२ मुलांवरचा निबंध १९९८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. लंडनच्या 'संडे टाइम्स'मधून डीअर यांनी २००४ पासून त्याचा पिच्छा पुरवला. मुलांच्या वैद्यकीय नोंदी निबंधाशेजारी ठेवल्या, तर जुळेनात. निबंध मागे घेतला गेला तो २०१० मध्ये. तोवर कितीतरी पालकांनी लस टाळली होती.

चोरट्या भेटीगाठी आमच्याकडे फार कमी. बराचसा वेळ तक्ते वाचण्यात, आरोप लेखी कळवून कंपनीच्या उत्तराची वाट पाहण्यात आणि वकिलाने खोडलेल्या विशेषणांचं दुःख करण्यात जातो.

एकदा मीच घसरलो. पाण्यातल्या शिशाचं प्रमाण मायक्रोग्रॅमऐवजी मिलिग्रॅममध्ये छापलं, म्हणजे थेट हजारपट. दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापली. संध्याकाळी सरांचा फोन. निवृत्तीनंतरही पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचायचे.

"कच्च्या वहीत काय होतं?"

"बरोबर होतं, सर."